सायत्राबाई मागे चालते

तीन आठवडे मी अकरा माणसांना टोपी उलटी घातली.

यात दुसऱ्या कोणाचा काही दोष नाही. आमच्या चंद्रपूरच्या दवाखान्यात नवं यंत्र आलं, त्याच्या खोक्यात चित्रांचं पुस्तक होतं, ते मी उघडलं नाही. नागपूरहून आलेल्या मॅडमनी दोन दिवस शिकवलं होतं. त्यातला एक दिवस मी पंखा दुरुस्त करणाऱ्या माणसाची शिडी धरून उभा होतो, कारण ते काम मला जास्त समजत होतं.

टोपी काळी, रबरी, पोहणारे लोक घालतात तशी. आतून हरभऱ्याएवढे दिवे. त्यांचा उजेड कातडीतून आणि हाडातून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जातो, परत येतो, आणि येताना सांगतो की आत्ता इथे रक्त जास्त धावतंय की कमी. जिथे काम जास्त तिथे रक्त जास्त. लकवा झालेली माणसं पुन्हा चालू लागतात तेव्हा त्यांच्या कपाळामागचा भाग किती राबतो, हे मॅडमना मोजायचं होतं. म्हणजे दिवे कपाळावर यायला हवे होते. पण टोपीतून वायरींचा एक जुडगा निघायचा. मला वाटलं, हा जुडगा तोंडावर लोंबला तर बिचाऱ्या माणसाला रस्ता कसा दिसणार? म्हणून मी तो मागे घेतला. पाठीवर वेणीसारखा रुळायचा. दिसायला फार छान दिसायचं. आणि तीन आठवडे त्या महागड्या दिव्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या अकरा माणसांच्या मानेवरचे केस तपासले.

अकरांपैकी दहा जण काही बोलले नाहीत. दवाखान्यात आलेला माणूस सांगाल ते घालून घेतो. अकरावी सायत्राबाई. तिने पहिल्याच दिवशी टोपीखालून विचारलं, "भाऊ, डाक्टर म्हने बिमारी कपाळाच्या आत हाय. मंग हे दिवे मानेवर काऊन लावून राह्यला?"

मी हसलो. शिकलेला माणूस न शिकलेल्याकडे बघून हसतो तसा. म्हणालो, "बाई, हे सायन्स आहे."

"असन बाप्पा," ती म्हणाली आणि गप्प बसली. पुढे मला कळलं की सायत्राबाई गप्प बसते तेव्हा ती माघार घेत नसते. ती समोरच्याला पडायला जागा करून देत असते.

ती मूलच्या पुढच्या एका गावातून यायची. एस.टी.ने मूल, मूलहून चंद्रपूर, सोबत सून शेवंता. चार महिन्यांपूर्वी अंगणात झाडताना तिची डावी बाजू गेली होती. दीड महिना खाटेवर, मग भिंत धरून, मग काठी धरून. आमच्याकडे आली तेव्हा काठीने चालत होती, डावा पाय जरा ओढत. डावा हात कोपरात वाकून पोटाशी चिकटलेला असायचा. वय विचारलं तर वर्षं सांगायची नाही. "चाळीसच्या वर रोवने झाले," असं म्हणायची. रोवणा म्हणजे धानाची लावणी. मी फॉर्मवर 'अंदाजे साठ' लिहिलं. तिने विचारलं काय लिहिलं, मी सांगितलं. म्हणाली, "लिही. तुहा कागद हाय."

माणसाकडे बघताना ती चेहऱ्याकडे बघायची नाही, पायांकडे बघायची. बाकावर बसली की व्हरांड्यातून जाणाऱ्या प्रत्येकाचे पाय निरखायची आणि निकाल द्यायची. "हा टाच आदळते. घरात भांडून आला." "ही नर्सबाई बोटावर चालते, हिले लवकर जाचं हाय." एकदा एक मोठे डॉक्टर गेले, त्यांच्याबद्दल काहीच बोलली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "त्याचे पाय दिसलेच नाई. बुटंच चालत होते." माझे पाय तिने पहिल्याच दिवशी पाहून घेतले होते. "कुठचा तू?"

"घुग्घुसचा."

"म्हनूनच. सडकेवरचे पाय हायत. कधी चिखलात गेले नाई."

खरं होतं. घुग्घुसला आम्ही कोळशाची धूळ खाऊन मोठे झालो. आमच्याकडे पाय टाकला की धूळ उडते. पाय रुतणं म्हणजे काय ते आम्हाला सिनेमात दिसतं. सायत्राबाईला याची माझ्यापेक्षा जास्त कीव यायची.

पदराच्या गाठीत ती कच्चे तांदूळ बाळगायची. आधी खर्रा खायची, तंबाखू-सुपारीचा. लकव्यानंतर तो बंद झाला, पण दाताला काम पाहिजे म्हणून तांदूळ. चिमूटभर तोंडात टाकून कुटूकुटू चावायची आणि तांदूळ कोणत्या बांधीतला आहे ते सांगायची. बांधी म्हणजे धानाचं एक बंदिस्त शेत, चारी बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध, घातलेलं. तिच्या घरच्या चार बांध्या होत्या, पण तिची खरी जहागीर वेगळी होती. ती रोवण्याच्या बायांची मुख्य होती. चौदा बायांची तिची रांग. पावसाळ्यात ती रांग घेऊन ती गावोगाव लावणीला जायची. रांगेच्या टोकाला ती, आणि बाकीच्या तिच्या बोलण्याच्या तालावर. ती गायची, शिव्या द्यायची, चौकशा करायची, सोयरिकी जुळवायची. बाया म्हणत, सायत्राबाईची जीभ थांबली तर आमचे हात थांबतात.

ही गोष्ट मला त्या गणिताच्या दिवशी कळली.

मॅडमच्या कागदावर लिहिलं होतं: आधी माणसाला नुसतं चालवायचं, मग चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करायला सांगायचं. डोक्याला दुसरं काम दिलं की पायांचं काय होतं ते बघायला. मी कागदावरचं मोठ्याने वाचून दाखवलं.

"शंभरातून तीन काऊन काढाचे?" सायत्राबाईने विचारलं.

"असंच. काढायचे."

"कोनाले द्याचे हायत?"

पलीकडच्या बाकावरचा माणूस हसला. शेवंताने तोंडाला पदर लावला. मला थोडी अक्कल आली आणि मी म्हणालो, बरं, राहू द्या, चालता चालता तुमच्या रांगेतल्या बायांची नावं सांगा.

तिचा चेहरा उजळला. काठी टेकवत निघाली. "धुऱ्याकडून पयली मी." थांबली. पाऊल. "मंग शेवंता." थांबली. "मंग..." नाव जिभेवर आलं की पाय थांबायचा. पाय उचलला की नाव जायचं. व्हरांडा दहा मीटरचा. पाचव्या नावाला ती मधोमध उभी राहिली, काठीवर सगळा भार टाकून. मला वाटलं दमली.

"थकल्या का, बाई?"

"थकली नाई." डाव्या पायाकडे बघत म्हणाली, "आंधी पाय आपले आपन चालत होते, मी बोलत जाओ. आता पायाले सांगा लागते. उचल बाबा. ठेव बाबा. उचल बाबा. त्याले सांगता सांगता माहं बोलनंच राहून जाते."

मॅडमनी दोन दिवस घालवून मला जे शिकवलं आणि मी शिडी धरून जे चुकवलं, ते सगळं या वाक्यांत होतं. निरोगी माणूस चालतो तेव्हा कपाळामागचा भाग मोकळा असतो, तो भाजीचा विचार करतो किंवा भांडण रचतो. लकव्यानंतर तोच भाग पायाला हुकूम द्यायला बसतो. मग भाजी कोण बघणार?

त्या दिवशी बाकावर बसल्यावर तिने मला आपलं खरं काम सांगितलं. तिला औषध नको होतं, हात सरळ व्हायला नको होता. "मले यंदा बांधीत उतराचं हाय. एक डाव. रोवन्याच्या रांगेत."

शेवंता लगेच म्हणाली, "मामी, नाव काढू नका. पडाल चिखलात तं उठवाले कोन येईन?" सासूला ती मामी म्हणायची. मग माझ्याकडे वळून, "मी तं सांगून ठेवलं भाऊ. मॅडम हो म्हनन तं मी अडवनार नाई. नाई म्हनन तं धुऱ्यावर खुर्ची टाकून देतो, बसून पाहा."

"खुर्चीवर बसाले मी का बुजगावनं हाय?" सायत्राबाई म्हणाली.

आता माझी दुसरी चूक. ही पहिलीपेक्षा मोठी आहे, म्हणून मी ती नंतर सांगतोय.

पडद्यावर मला एक रेघ दिसायची. माणूस चालताना ती वर चढली म्हणजे कपाळ राबतंय, सपाट राहिली म्हणजे आराम. सायत्राबाईची रेघ सपाट होती. सगळ्यांचीच सपाट होती, मानेला कसला ताण! पण मला ते कुठे ठाऊक. दोघींचे चेहरे पाहून मला राहवलं नाही. मी पडदा तिच्याकडे फिरवला आणि मोठ्या थाटात म्हणालो, "हे बघा बाई. तुमचं डोकं चालताना एकदम शांत आहे. काही जोरच पडत नाही."

हे सांगण्याचा मला काडीचा अधिकार नव्हता. सायत्राबाईने पडदा पाहिला नाही, माझे पाय पाहिले. म्हणाली, "खरं सांगून राह्यला का?"

"मशीन सांगतंय, बाई."

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. मॅडम आल्या. त्यांनी तीन आठवड्यांच्या रेघा पाहिल्या आणि चष्मा पुसला. मग मी त्यांना फोटो दाखवले. मी हौसेने प्रत्येकाचा टोपी घातलेला फोटो काढून ठेवला होता. अकरा माणसं, अकरा वेण्या. मॅडमनी ते एकेक करून पाहिले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "या आकड्यांवरून तू कोणाला काही सांगितलं तर नाहीस ना?"

"नाही, मॅडम." मग म्हणालो, "एका बाईला."

दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकलने तिच्या गावी गेलो. मूलच्या राईस मिलपाशी थांबून मी माफीचे तीन नमुने मनात तयार केले. एकही उपयोगी पडला नाही, कारण दारात शेवंता उभी होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत तोंड करून म्हणाली, "मामी, तुमची मशीन आली."

सायत्राबाई खाटेवर बसलेली. हनुवटी सुजलेली, त्यावर हळद. मनगटाला फडकं. त्या मंगळवारी सकाळी, बसची वेळ व्हायच्या आत, शेवंता नळावर असताना काठी घरी ठेवून ती धुऱ्यावर गेली होती. एकटी. मशीनने हो म्हटलं होतं ना.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टोपी, वायरी, पुस्तक, शिडी. शेवंता ऐकत होती. सायत्राबाई तांदूळ चावत होती. माझं संपलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे मानेत माह्या शांती हाय."

"बाई, माझ्यामुळे तुम्ही पडलात."

"काऊन बाप्पा? तुही टोपी काय धुऱ्यावर होती?" तिने हनुवटीला हात लावून बघितला. "बरोबर चालली होती मी. अर्धा धुरा गेली. मंग बकरी आडवी आली. मी तिले शिवी देल्ली. अन् शिवी देता देता पायाले सांगाचं राह्यलं."

शेवंताला हसू आवरलं नाही, आणि हसू आल्याचा तिला राग आला. ती आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. चहा इतका कमी साखरेचा होता की मला माझी जागा बरोबर कळली.

निघताना सायत्राबाई म्हणाली, "बाबू, आता टोपी सीधी घाल. मंग जे येईन ते खरं सांग. मले खरं पायजे." त्या दिवसापासून मी तिचा भाऊ राहिलो नाही, बाबू झालो. बढती की उतरण, ते मी अजून ठरवलेलं नाही.

पंधरा दिवसांनी, सूज उतरल्यावर, टोपी सरळ बसली. वायरी तिच्या तोंडावर लोंबल्या, मी त्या चिमट्याने वर धरल्या. मॅडम शेजारी. सायत्राबाई काठी टेकवत व्हरांड्यातून निघाली आणि रेघ उसळली. पहिल्या पावलापासून वर, टोकाला जाऊन वळेपर्यंत वरच. नावं सांगायला लावली तर ती आणखी चढली आणि पाय थांबला. एवढं मोठं काम त्या कपाळामागे चाललं होतं आणि वरून बघणाऱ्याला फक्त एक म्हातारी हळूहळू चालताना दिसत होती. मला स्वतःच्या त्या 'एकदम शांत'ची फार लाज वाटली.

मॅडमनी दोघींना बसवून सांगितलं. तुम्ही प्रत्येक पाऊल विचार करून टाकता. त्यात जरा कोणी हाक मारली, बकरी आली, पाऊल चुकतं. बांधीत चिखल, धुरा निसरडा, चौदा बाया बोलणार. मी हो कशी म्हणू?

"एक डाव?" सायत्राबाईने विचारलं.

"नाही, बाई."

शेवंता जिंकली होती, पण ती खाली बघत होती. सायत्राबाई मॅडमच्या सँडलकडे बघत होती आणि काही निकाल देत नव्हती. तिचं तांदूळ चावणंसुद्धा थांबलं. ती शांतता मला सहन होईना. मला कुठलीच शांतता सहन होत नाही, हा माझा मूळ आजार. मी म्हणालो, "एकदा शेवटचं मोजू या. बाई, मोजतोय हे विसरा. तुमची जशी सवय आहे ना, अगदी तशा चाला."

तिने माझ्याकडे पाहिलं. या वेळी चेहऱ्याकडे. मग काठी माझ्या हातात दिली, व्हरांड्याकडे पाठ केली, कमरेत वाकली, वाकडा डावा हात पोटाशी होताच, आणि उजवा हात खाली नेऊन जमिनीला टेकवला, उचलला, टेकवला. एक पाऊल मागे. पुन्हा हात. पुन्हा एक पाऊल मागे.

"अहो बाई, उलट्या चालल्या!" मी ओरडलो आणि बटण दाबून मोजणी बंद केली.

"बंद का केलंस?" मॅडम माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या.

पुन्हा चालू केलं. सायत्राबाई मागे मागे चालली होती. आणि बोलत होती. "धुऱ्याकडून पयली मी. मंग शेवंता, तिची ओळ वाकडी जाते. मंग गिरजा, ते खालतं पाहातच नाई. मंग सोनाबाई, सोनाबाईचं कंबर दुखते, तिले मधात ठेवा..." एकेक नाव, प्रत्येक नावाला शेपूट, आणि पाय एकदाही थांबला नाही. डावा पाय ओढत होता, पण तालात ओढत होता. मग नावं संपली तर ती गायला लागली. कुठलं गाणं ते विचारू नका. शब्द ती जागेवर जोडायची. त्यात मॅडमची सँडल आली, माझ्या वायरी आल्या. पडद्यावरची रेघ खाली येत गेली. अगदी सपाट झाली नाही. पण पुढे चालताना होती त्याच्या निम्म्यावर आली आणि तिथे राहिली.

मॅडम स्टुलावर बसल्या. "हे कसं?"

शेवंता म्हणाली, "रोवन्यात असंच चालतेत ना, मॅडम. पुढं चाललं तं लावलेलं तुडवते मानूस."

व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांनी मान हलवली. मूलचे, सावलीचे, सिंदेवाहीचे लोक, सगळ्यांना माहीत होतं. नव्हतं ते एका घुग्घुसवाल्याला आणि एका नागपूरवालीला. चाळीस पावसाळे, महिना महिना, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ही बाई मागे चालली होती, वाकून, बोलत. पुढे चालायला तिला आता सांगावं लागत होतं. मागे चालायला पाय तिलाच विचारत नव्हते.

मॅडमनी तिला तीनदा चालवलं. तिन्ही वेळा तेच. मग मला बजावून सांगितलं की एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. ताल असेल, वाकणं असेल, जुनी सवय असेल, मला माहीत नाही, आणि तू तर कोणालाच काही सांगायचं नाहीस. मी तोंडावर बोट ठेवलं. सायत्राबाई घामाघूम होऊन बाकावर बसली होती आणि हसत होती. "मॅडम," ती म्हणाली, "मी सीधी चालली तं बिमार, उलटी चालली तं चांगली. मंग मले उलटीच घरी पाठवा."

मॅडम हसल्या, आणि तिथे त्यांचा नकार सैल झाला. अटी घातल्या. सकाळी रक्तदाब तपासायचा. एकच बांधी. अर्धा तास. धुऱ्यावरून दोघींनी धरून न्यायचं. आणि सगळा वेळ एक माणूस तिच्या मागे, हाताच्या अंतरावर, पडली तर धरायला.

"कोण?" शेवंताने विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. ही शिक्षा होती की विश्वास, ते मी तेव्हाही विचारलं नाही.

यानंतरचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी पुन्हा तिकडे जायला नको. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माझी बदली झाली. मी एटापल्लीला गेलो, जंगलात, तिथे यंत्र नव्हतं आणि मला वाचायला कोणतंही पुस्तक नव्हतं. शेवंता कधीमधी फोन करायची. सायत्राबाई त्यानंतर आणखी दोन रोवण्यांना उतरली. धुऱ्यावरून शेवंता धरून न्यायची, बांधीत सोडून द्यायची. पुढे चालणं तिचं शेवटपर्यंत अवघडच राहिलं; ते सुधारलं असं मी खोटं सांगणार नाही. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मला दोन दिवसांनी कळलं. त्या दिवशी मी एटापल्लीच्या बाजारात माणसांचे पाय बघत हिंडलो. मला काही ओळखता आलं नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या एका बांधीत.

जुलै. आभाळ भरलेलं, पण पडत नव्हतं. चिखलणी झालेली बांधी कोकोसारखी दिसत होती. मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन गेलो होतो आणि पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. बायांनी ते बूट पाहिले आणि एकमेकींना कोपरं मारली. मला कोणी काही बोललं नाही. चौदा बाया काही बोलत नाहीत तेव्हा काय समजायचं ते मला आता कळायला पाहिजे होतं.

धुऱ्यावरून सायत्राबाईला दोघींनी आणलं. ती एक शब्द बोलली नाही. तिचे ओठ हलत होते. उचल बाबा, ठेव बाबा. शेवंताचा चेहरा तिच्याहून पांढरा पडला होता. धुऱ्याच्या कडेला त्या थांबल्या. सायत्राबाईने उजवा पाय खाली सोडला, तो पोटरीपर्यंत गेला, मग डावा. चिखलाने दोन्ही पाय धरले. तिने डोळे मिटले, उघडले, आणि शेवंताचा हात सोडला. शेवंताने सोडला नव्हता. तिने बोटं एकेक करून काढली.

धानाच्या रोपांची एक जुडी तिच्या वाकड्या डाव्या हातात बसवून दिली. महिनोन् महिने निकामी असलेला तो कोपर जुडी धरायला अगदी मापाचा झाला होता. ती वाकली. उजवा हात चिखलात गेला, वर आला. चार हिरवी पानं उभी राहिली. एक पाऊल मागे. "गिरजे," ती म्हणाली, "खालतं पाह्य." आणि चौदा बायांची रांग हलली.

मी ठरल्याप्रमाणे तिच्या मागे जाऊन उभा होतो. हात पुढे पसरून, पडली तर धरायला. माणूस शेवटचा दिसतो तो बहुतेक पाठमोरा, लांब जाणारा. सायत्राबाईची पाठ माझ्याकडे होती, आणि ती एकेक पावलाने जवळ येत होती. हिरवी ओळ तिच्यासमोर वाढत होती. ती गात होती, मध्येच शिव्या देत होती, सोनाबाईच्या मुलीच्या लग्नाचं विचारत होती. पाय एकदाही थांबला नाही. रांगेतली आपली जागा दुसऱ्या बाईला देऊन शेवंता धुऱ्यावर उभी होती. तिने खुर्ची आणली होती आणि आता स्वतःच खुर्चीची पाठ धरून उभी होती, डोळे पुसत.

माझेही डोळे भरले असावेत, कारण ती किती जवळ आली हे मला दिसलं नाही. दिसलं तेव्हा मी मागे सरायला गेलो. गमबूट आले नाहीत. मी उजवा ओढला, डावा आणखी खाली गेला. डावा ओढला, पाय आला, बूट तिथेच. मी तो पुन्हा बुटात घातला. तोवर बाकीची रांग माझ्या बाजूने मागे निघून गेली होती आणि टोकाची सायत्राबाई माझ्यापाशी येऊन थांबली होती. तिची पाठ माझ्या पसरलेल्या हातांना लागली. तिने वाकल्या वाकल्या आपल्या दोन पायांमधून मागे पाहिलं. तिला दोन काळे बूट दिसले.

चौदा बाया थांबल्या. जुलै महिन्यात ती रांग पहिल्यांदाच थांबली असेल.

"शेवंते," सायत्राबाई म्हणाली, "ह्या बाबूले उपट अन् तुह्या त्या खुर्चीवर नेऊन बसव. मले सांभाळाले आनलं याले, अन् अख्ख्या बांधीत येवढा एकच गडून बसला."